कॅप्टनला ठेंगा

जावयाला घरात घ्यावं, ताटात वाढावं, वर हात धुवायला पाणी द्यावं, पण बोटीवर घेऊ नये. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर पोरीला म्हटलं असतं, बाई गं, मास्तर बघ, शिंपी बघ, अगदी बँडवाला बघ, पण पाणबुड्या नको. जुनी माणसं जावयाला दहावा ग्रह म्हणायची. बाकीचे नऊ निदान लांब आकाशात असतात. आमचा दहावा रोज सकाळी माझ्याच बोटीवर सिलिंडर चढवत असतो.

बोट माझी आणि चाकही माझ्याच हातात. जावई गाईड. पाहुण्यांना सूट चढवायचा, पाठीला सिलिंडर बांधायचं आणि खाली खडकांत मासे दाखवायला न्यायचं, हे त्याचं काम. ते खाली गेले की माझं काम सुरू. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, नजर पाण्यावर. खालची माणसं दिसत नाहीत, त्यांचे बुडबुडे तेवढे दिसतात. बुडबुडे जिकडे सरकतील तिकडे बोट हळूहळू न्यायची आणि शेवटी सगळ्यांना शिडीवरून वर घ्यायचं. पुन्हा गिअर टाकायच्या आधी डोकी मोजायची. हा नियम माझा. डोकी मोजल्याशिवाय गिअर नाही. बोटीखाली पंखा फिरतो आणि त्या पंख्याला सासरा-जावई काही कळत नाही.

लग्न झालं त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी आणखी एक ठरवून टाकलं होतं. घरात मी त्यांना जावईबापू म्हणणार, अहो-जाहो करणार, ते मला मामा म्हणणार. बोटीवर पाय पडला की मामा-बिमा काही नाही. तिथे मी कॅप्टन, तो गाईड, आणि माझ्याकडून सरळ अरे-तुरे. कामाच्या जागी नाती आणली की पसारा होतो. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

या हंगामात मात्र कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिली कुरबुर शिडीवरून झाली. आमची शिडी आकड्याची, हवी त्या बाजूला अडकवता येते. ती पहिल्यापासून उजव्या अंगाला, कारण चाक उजवीकडे आहे आणि मला खिडकीतून मान वळवली की शिडी दिसते. एके दिवशी बघतो तर शिडी डावीकडे. म्हटलं, "ही कोणाची अक्कल?"

"माझीच, कॅप्टन," जावई म्हणाला. "पाहुण्यांना तिकडून सोपं जातं."

पाहुण्यांना म्हणे सोपं जातं! इतकी वर्षं उजवीकडून चढून किती पाहुण्यांचे पाय मोडले? मनात नोंद झाली. आज शिडी हलवली, उद्या खुर्ची हलवेल.

मग त्याचं ओरडणं सुरू झालं. पाणबुड्या वर आला की मूठ डोक्यावर ठेवतो, म्हणजे मी ठीक आहे. झालं, कॅप्टनला कळतं, बोलायची गरज नाही. हा आता वर आला की भाजीवाल्यासारखा ओरडायचा, "आलो कॅप्टन! डावीकडे!" पाहुणे हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अरे, मी काय आंधळा आहे का?

त्यात दाढी. दाढी म्हणजे आमच्याच धक्क्यावरचा दुसरा बोटवाला. दाढी कधीच काढून टाकली, नाव तेवढं उरलं. माझं आणि त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आणि आमचे जावईबापू त्याच्याशी डिझेलच्या पंपाआड उभे राहून कुजबुजताना मी दोनदा बघितले. मी जवळ गेलो की दोघं एकदम हवेबद्दल बोलायला लागायचे. "वारा फिरेल असं वाटतंय," दाढी म्हणायचा. वारा कशाला फिरतोय, माणसं फिरली होती.

माझंच घर मला परकं वाटायला लागलं होतं. उजव्या हाताशी चहाचा कप कोण ठेवतं देव जाणे, कोपर लागून दोन कप फुटले. मी आमच्या हिच्यावर खेकसलो, कप ठेवलास तर सांगायला तोंड नाही का तुला? ही गप्प. ही आणि गप्प! दुकानामागच्या खोलीत कॉम्प्रेसरवर दिवसभर सिलिंडर भरते, त्या धडधडाटावर आवाज चढवून चढवून हिची कुजबुजसुद्धा तीन दुकानं ऐकतात. तीच आता माझ्यासमोर मुकाट फरशी पुसत होती. धक्क्याचा कोपऱ्यातला खांब बोटीला उजव्या कुशीत घासला, तेव्हाही मी म्हटलं, कोणीतरी दोर सैल बांधलाय. जावई म्हणाला, "हो कॅप्टन, माझंच चुकलं." असा न भांडता चूक मान्य करणारा जावई तुम्ही कधी बघितलाय? डाळीत काहीतरी काळं असल्याशिवाय माणूस इतका गोड होत नाही.

एकदा घरी जेवण झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. "मामा, एक सांगायचं होतं. रागावू नका."

"रागावू नका म्हटलं की समजायचं रागावण्यासारखंच आहे."

"बोटीबद्दल आहे. म्हणजे, तुमच्याबद्दल..."

"चाक हवंय ना तुम्हाला, जावईबापू? सरळ मागा. आडून आडून कशाला?" मी तिथून उठलोच. पोरगी हाक मारत राहिली, "बाबा, त्यांचं ऐकून तरी घ्या," पण मी जाऊन गच्चीचं दार लावून घेतलं. नंतरही दोनदा त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी त्याला बोलू दिलं नाही. मला माहीत होतं तो काय म्हणणार ते. वय झालं, मामा. आराम करा, मामा. आणि मग मी दुकानाच्या दारात बसून पाहुण्यांच्या चपला राखायच्या. चाक गेलं की माझ्याकडे उरलं काय? मला दुसरं काही येत नाही. खरं सांगतो, त्या विचाराने छातीत धडकी भरायची.

आता अंगठ्याचं सांगतो. जावई रोज बोटीवर पाहुण्यांना हाताच्या खुणा शिकवतो. खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. त्यात तो नेहमी एक गोष्ट घोळवून घोळवून सांगतो. "खाली अंगठा दाखवला म्हणजे 'छान' नाही हं. अंगठा वर म्हणजे 'चला वर, बस झालं'. कोणीही दाखवू शकतं, नवा असो, जुना असो. आणि एकदा अंगठा दाखवला की का म्हणून कोणी विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. सगळ्यांनी वर यायचं. नंतरसुद्धा कोणी त्याला हसायचं नाही." मला हे इतकं पाठ झालंय की झोपेतही म्हणेन. पण हे पाण्याखालचं. वरच्या जगात अंगठा दाखवला की त्याला ठेंगा म्हणतात.

आणि तो ठेंगा मला दाखवला गेला. माझ्याच दुकानात.

सूट घालून बघायला आम्ही पाहुण्यांसाठी एक उभा आरसा लावलाय. मी समोरच्या स्टुलावर बसून मास्कचा तुटलेला पट्टा बदलत होतो. सहज आरशात बघितलं. जावई माझ्या उजवीकडे, अगदी खांद्याशी उभा. हात माझ्या कानाजवळ आणि अंगठा वर. तो अंगठा हळूहळू पुढे आणत होता, पुन्हा मागे नेत होता. समोर आमची ही उभी. ती एकदा अंगठ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग तिने तोंडावर हात दाबला आणि वळून आत गेली. आतून कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला.

हसायला गेली असणार. बायको! जिने माझ्या बोटीच्या पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने चाक पुसलं होतं, ती माझ्या मागे मला ठेंगा दाखवणाऱ्याबरोबर हसत होती. मी पट्टा घट्ट ओढला तो पुन्हा तुटला. त्या रात्री एक ठरवलं. उद्या शिडी माझ्या बाजूला लागणार, आणि हा दहावा ग्रह माझ्या डोळ्यांसमोर वर येणार. बघू दाढीशी काय खाणाखुणा चालतात ते.

सकाळी सगळ्यांच्या आधी बोटीवर गेलो आणि शिडी उचलून उजवीकडे अडकवली.

जावयाने बघितलं. त्याचा चेहरा पडला. "कॅप्टन, शिडी..."

"शिडी जिथे असायला हवी तिथे आहे. तुला अडचण आहे?"

पाहुणे चढत होते. एक कॅमेरावाला, एक नवीन लग्न झालेलं जोडपं आणि एक डॉक्टरीणबाई, मोठ्या आवाजाच्या. त्यांच्यासमोर तो काय बोलणार? "नाही, कॅप्टन," म्हणाला. पण धक्का सोडायच्या आधी पळत दाढीच्या बोटीकडे गेला आणि कानात काहीतरी सांगून आला. मी मनात म्हटलं, जा, सांगून ये तुझ्या नव्या मालकाला.

खडकावर पोहोचलो. पाणी स्वच्छ, वारा बेताचा. दाढीची बोट आमच्या पुढे, अगदी नाकासमोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी. आमची मंडळी उतरली, बुडबुडे निघाले, मी बुडबुड्यांमागे. सगळं नेहमीसारखं. मला मात्र आज चोर पकडायचा होता.

पाहुणे वर आले. एकेक जण शिडीवरून चढला, ओलेचिंब, दात वाजवत. जोडपं, मग डॉक्टरीणबाई, मग कॅमेरावाला, त्याच्यामागून त्याचा कॅमेरा कोणीतरी वर दिला. मी मोजलं, चार. पाचवा जावई. तो नेहमीच शेवटी चढतो. मी खिडकीतून जराशी मान वळवून उजवीकडे बघितलं. शिडी रिकामी. पाणी रिकामं.

तेवढ्यात पुढून शिट्टी. दाढी त्याच्या बोटीवर उभा राहून जीव खाऊन शिट्टी वाजवत होता, दोन्ही हात हलवत होता. आणि त्याच्या शिडीवरून एक काळा सूट वर चढत होता, पाठीला पिवळं सिलिंडर. आमची सिलिंडरं पिवळी.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारीच आली. गेला! भर समुद्रात, माझ्या पाहुण्यांसमोर, माझा जावई दाढीच्या बोटीवर चढला आणि दाढी शिट्ट्या वाजवून मला वाकुल्या दाखवतोय! पाचवं डोकं मी तिथे मोजलं. दाढीच्या बोटीवर. डोकी पूर्ण झाली, नियम पाळला, आणि मी गिअर टाकला. आज जाऊन दोघांचीही गचांडी धरायची होती.

"थांबा!" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "अहो थांबा, ते खाली आहेत! शिडीला आहेत!"

हाताने आपोआप गिअर मागे ओढला. बोटीखालून एक खट्ट आवाज आला होता. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. बोट थरथरून थांबली. मी चाक सोडून मागे धावलो. पाण्यात एक तुकडा तरंगत वर आला, पोहताना पायात घालतात त्या निळ्या फिनचा, सुरीने कापावा तसा.

पोरीचा चेहरा समोर आला. तिला मी काय सांगणार होतो?

मग शिडीच्या खालच्या पायरीला दोन हात दिसले. मग डोकं. त्याने तोंडातली नळी थुंकली, खोकला, आणि एका पायाने चढून वर आला. दुसऱ्या पायात अर्धं फिन. पायाला खरचटलेलंसुद्धा नव्हतं. कोणत्या देवाची कृपा म्हणावी ते मला ठाऊक नाही, मी सगळ्यांचीच नावं घेतली.

आणि मग, माझी जात, मी त्याच्यावरच ओरडलो. "उजवीकडे काय करत होतास? रोज डावीकडून येतोस ना!"

"शिडी उजवीकडे होती, कॅप्टन," तो म्हणाला.

"मग ओरडला का नाहीस? रोज तर बोंबलतोस!"

"ओरडलो. चार वेळा. दाढीच्या शिट्टीत बुडालं." त्याला अजून धाप लागलेली होती. "तुम्ही मान वळवलीत, कॅप्टन. माझ्याकडे बघितलंत. मी डोक्यावर मूठ ठेवली होती. बघून पुन्हा पुढे वळलात."

पाहुणे ऐकत होते. त्याने अर्धं फिन काढून बाकाखाली सरकवलं आणि त्यांच्याकडे वळून हसला. "काही नाही, इंजिनाचा गिअर घसरला. होतं कधीकधी. कॅमेरा ठीक आहे ना तुमचा?" डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आपला सूट सोडायला लागल्या. त्यांना पटलं नव्हतं.

दाढीने बोट जवळ आणली. त्याच्याबरोबरचा काळा सूटवाला त्याचाच पाहुणा होता, कुठलातरी टकल्या, आणि पिवळी सिलिंडरं दाढीकडेही होती. "अरे, शिट्टी फुंकून फुंकून गाल फाटले माझे!" दाढी ओरडला. "सकाळीच जावई सांगून गेला होता, शिडी आज उजवीकडे आहे, कॅप्टनच्या उजव्या अंगाला कोणी दिसलं की शिट्टी मार. सगळा हंगाम डोळ्यांत तेल घालून तुझी उजवी बाजू बघतोय मी, आणि तू..." जावयाने हाताने त्याला गप्प केलं.

सगळा हंगाम. म्हणजे दाढीला माहीत होतं. पंपावरच्यालाही असेल. आमच्या हिला तर नक्कीच. गावभर झालं होतं आणि मला पत्ता नाही.

"काय बघतोय?" मी विचारलं. आवाज माझाच होता का, शंका आली. "माझ्या उजव्या बाजूला काय आहे?"

मी चाकाजवळ गेलो. समोर खडक, त्यावर फुटणारं पाणी, दाढीची बोट, ऊन, सगळं होतं. मी डावा हात उचलला आणि तळव्याने डावा डोळा झाकला.

समुद्र गेला. बोटही गेली. मळक्या काचेतून यावा तसा राखाडी उजेड तेवढा उरला. मी हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. लहान पोरासारखं तीन-चार वेळा करून बघितलं. फुटलेले कप, घासलेला खांब, हलवलेली शिडी, आणि कानाजवळचा तो अंगठा. ठेंगा नव्हता तो. अंगठा मला कुठपर्यंत दिसतो, ते तो आमच्या हिला दाखवत होता. ती आत हसायला गेली नव्हती. कॉम्प्रेसरच्या आवाजात रडायला गेली होती.

मला त्याचा रागही आला, खोटं कशाला बोलू. "हंगामभर माहीत होतं आणि पाहुण्यांना माझ्याबरोबर उतरवत होतास? तुझी अक्कल कुठे गेली होती?"

त्याने मान खाली घातली. "चुकलं, कॅप्टन. तीनदा सांगायला आलो. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, चाक सोडलं तर मी मेलोच समज. मग सासूबाई म्हणाल्या, हंगाम संपेपर्यंत सांभाळून घेऊ. वाटलं, घेता येईल." तो बाकावर बसला. "आज सांभाळता आलं नाही."

मी म्हटलं होतं तसं. अगदी त्याच शब्दांत. मेलोच समज. आणि मरायला कोण निघालं होतं? तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं.

परत जायचं होतं. पाहुणे थंडीने कुडकुडत होते. चाक रिकामं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मग मी जावयाकडे वळलो, पूर्ण वळलो, डावा डोळा त्याच्यावर आला तोवर. आणि हात उचलून त्याला अंगठा दाखवला. वर.

बस झालं.

त्याने अंगठ्याकडे बघितलं. का, असं विचारलं नाही. वाद घातला नाही. ओल्या पायांनी उठून आला आणि माझ्याशेजारून जाऊन चाकामागे उभा राहिला. नवीन नवरा बायकोला हळूच म्हणाला, "अंगठा म्हणजे छान ना?" तिने त्याला कोपर मारलं. "वर चला म्हणजे. सकाळी सांगितलं नाही का त्यांनी?"

जावयाने गिअरवर हात ठेवला आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मला आधी कळेना कशाची वाट बघतोय. मग कळलं.

मी मोजायला सुरुवात केली. बोट दाखवत, मोठ्याने, मान पार उजव्या खांद्याच्या मागे नेत. कॅमेरावाला. जोडपं. डॉक्टरीणबाई. शिडी वर घेतलेली. पाणी रिकामं. ते मी दोनदा बघितलं. मग चाकामागचं डोकं मोजलं, ओले केस कपाळाला चिकटलेले.

"डोकी पूर्ण," मी म्हटलं. "टाका गिअर, कॅप्टन."

"हो, मामा," तो म्हणाला.

बोटीवर तो मला पहिल्यांदाच मामा म्हणाला. लागलं. फार लागलं. मी डाव्या बाकावर जाऊन पाहुण्यांच्या शेजारी बसलो.